रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा बंद पडणारा जनरेटर : कामाच्या नोंदी

यंत्र : ८ केव्हीए, तीन सिलिंडरचा डिझेल जनरेटर, मिनिटाला १५०० फेरे, सिंगल फेज २३० व्होल्ट. इंजिनात कूलंट फिरतं, ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होतं. तेच खारं पाणी पुढे एक्झॉस्टमध्ये मिसळून बोटीबाहेर पडतं. डिझेलची १२० लिटरची स्वतंत्र लोखंडी टाकी, इंजिन रूममध्येच, यंत्राहून साधारण दीड फूट खाली.

लोड : मासळीच्या खणातल्या कूलिंग कॉइलचा २ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर, डेकवरचे फ्लडलाइट, बॅटरी चार्जर, केबिनमधले पंखे. सगळं मिळून साडेतीन किलोवॉटच्या आत. म्हणजे यंत्राला जड असं काही नाही.

तक्रार : चालता चालता बंद पडतो.

१२ ऑगस्ट

१ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी उठल्यावर बोट बाहेर गेली आणि अर्ध्यातून परत आली. खणातला बर्फ वितळला, मासळी मऊ पडली, भाव मिळाला नाही. मालकांना नुकसानीची काळजी आहे आणि ती खरीच आहे, पण तांडेलमामांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) सांगितलेली गोष्ट मला जास्त लागली. रात्री जाळं पाण्यात असताना डेकवर एकदम अंधार झाला. विंचच्या दोरापाशी माणूस उभा होता आणि त्याला स्वतःचा पाय कुठे आहे ते दिसेना. दिशादर्शक दिवे बॅटरीवर असल्यामुळे ते चालू राहिले. डेकवरच्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही.

आधी दोघा जणांनी हात लावलेला आहे. सी-वॉटर पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं रबरी पात्यांचं चाक) नवा, टेम्परेचर सेन्सर नवा, डिझेल फिल्टर नवे, ऑइल नवं. प्रत्येक दुरुस्तीनंतर काही तास यंत्र नीट चाललं आणि पुन्हा तेच.

मालक म्हणाले, "मिस्त्री, काय बदलायचं ते सांगा, आजच मुंबईला फोन लावतो." मी सांगितलं की यंत्र माझ्या डोळ्यांसमोर बंद पडल्याशिवाय एक वायसरसुद्धा मागवायचा नाही.

माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : कसा बंद पडतो? किती वेळाने पडतो, ते नंतर. चावी फिरवल्यासारखा झटक्यात थांबला तर कोणीतरी त्याची वीज तोडली. आवाज वरखाली होत, गचके खात मेला तर डिझेल पोचत नाही. कण्हत, काळा धूर टाकत फेरे उतरले तर लोड जास्त आहे किंवा धूर बाहेर पडायची वाट बुजली आहे. एवढं नीट कळलं तर निम्मं इंजिन उघडावं लागत नाही.

तांडेलमामा म्हणाले झटक्यात पडतो. इंजिनवरचा नेपाळी खलाशी म्हणाला गचके खात पडतो. दोघांचा वाद झाला, मालकांनी खलाशाला गप्प केलं. वहीत मी दोन्ही लिहून घेतलं. इंजिन रूममध्ये रात्रभर बसणारा तो पोरगा आहे, त्याचं ऐकायला हवं.

थोड्या वेळाने सेल्फ मारला की पुन्हा चालू होतो, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

१३ ऑगस्ट

सकाळपासून सरी. जेट्टीला बांधलेल्या बोटीवरच काम.

या जनरेटरचा स्टॉप सोलेनॉइड वीज मिळत असेपर्यंत डिझेलची वाट उघडी ठेवणारा आहे. वीज गेली की वाट बंद, इंजिन बंद. ही वीज एका रिलेतून येते आणि त्या रिलेला तीन पहारेकरी जोडलेले आहेत : ऑइल प्रेशर स्विच, कूलंटचा टेम्परेचर स्विच, आणि एक्झॉस्टच्या रबरी पाइपावरचा टेम्परेचर स्विच. तिघांपैकी कोणीही ओरडलं तरी पॅनेलवर दिवा एकच लागतो, लाल. कोण ओरडलं ते कळत नाही. आधीच्यांनी लाल दिवा बघून कूलंटचा सेन्सर बदलला, तो या अंदाजावरच.

म्हणून यंत्र चालू करण्याआधी एका फळीवर १२ व्होल्टचे तीन छोटे दिवे बसवले आणि प्रत्येक स्विचवरून स्वतंत्र वायर आणली.

वायर शोधताना एक्झॉस्टच्या स्विचची वायर कापून टेप गुंडाळलेली सापडली. कोणी केलं ते विचारलं नाही. आधी ती जोडली. हे इथे ठळक लिहून ठेवतो, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी बोटींत हेच दिसतं : यंत्र बंद पडतं म्हणून बंद पाडणारा स्विचच काढून टाकायचा. ओल्या एक्झॉस्टमध्ये पाणी कमी पडलं की रबरी पाइप आतून जळतो. धूर इंजिन रूममध्ये भरतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वर केबिनमध्ये माणसं झोपलेली असतात. बोट लाकडी, वरून फायबर. आग लागली तर किनाऱ्यापासून वीस मैलांवर बादलीने विझवायची. तो स्विच त्यासाठी आहे.

मग स्टार्ट. ऑइलची पातळी बरोबर. काट्याचा गेज लावून प्रेशर पाहिलं, गरम इंजिनवर ३.२ बार. एक पहारेकरी सुटला.

बिनलोड अर्धा तास : काही नाही. कॉम्प्रेसर चालू केला. सुरू होताना फ्रिक्वेन्सी क्षणभर ४७ हर्ट्झपर्यंत उतरली आणि परत ५०.५ वर आली, क्लॅम्प मीटरवर चालता करंट ९ अँपिअर. म्हणजे "कॉम्प्रेसरचा दणका सोसत नाही" ही मालकांची शंका मिटली.

लोड टाकल्यावर २६ मिनिटांनी एक्झॉस्टचा दिवा लागला आणि त्याच क्षणी इंजिन गप्प. झटक्यात. तांडेलमामा शिडीवरून वाकून बघत होते, म्हणाले, "हाच तो."

इन्फ्रारेड थर्मामीटरने एल्बोच्या (धुरात पाणी मिसळतं तो वाकडा जोड) पुढचा रबरी पाइप : ९७ अंश. तिथे हात ठेवता यायला हवा. सिलिंडर हेडपाशी कूलंट ९१ आणि चढतं. अजून काही मिनिटं चालला असता तर तोही स्विच पडला असता. वायर कापलेली असताना समुद्रात तेच होत होतं.

१४ ऑगस्ट

पाणी किती येतं ते आधी मोजलं. १० लिटरची बादली एक्झॉस्टच्या तोंडाखाली, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. बादली भरायला ८२ सेकंद, म्हणजे मिनिटाला सव्वासात लिटर. एवढ्या पंपाने अर्ध्या मिनिटाच्या आसपास बादली भरायला हवी. डोळ्यांना मात्र पाणी छान पडताना दिसतं. "पाणी तर येतंय" असं म्हणून सगळे तिथून पुढे गेले होते.

आता पाण्याच्या वाटेने चालायचं, समुद्रापासून सुरुवात. सी-कॉकचा (समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाचा नळ) पुढचा पाइप काढला, पाणी जोरात आत आलं, म्हणजे तळाचं तोंड शंखांनी बुजलेलं नाही. जाळी स्वच्छ. पंप उघडला : इम्पेलर खरोखर नवा, पाती शाबूत, झाकणाच्या प्लेटवर चर नाही.

मग विचारलं, जुना इम्पेलर कुठे आहे? खलाशाने सामानाच्या डब्यातून काढून दिला. त्याची तीन पाती मुळापासून तुटलेली. तुटलेली पाती कुठे गेली, हा प्रश्न नवा बसवताना कोणी विचारलाच नव्हता. पाणी जिकडे जातं तिकडेच ती गेली असणार.

पंपानंतरच्या पाइपाच्या वळणात एक सापडलं. हीट एक्स्चेंजरचं झाकण उघडलं तर बाकीची दोन नळ्यांच्या तोंडावर पालथी चिकटलेली, त्यांच्यामागे शिंपल्यांचा चुरा, गाळ आणि विरघळलेल्या झिंकचे तुकडे. तिन्ही पाती जुन्या इम्पेलरला लावून पाहिली, बरोबर बसली. आता आत रबर उरलेलं नाही हे खात्रीने सांगता येतं. झिंकच्या पेन्सिलचा तर फक्त पितळी बूच शिल्लक होता. ते झिंक आधी झिजतं म्हणून एक्स्चेंजर वाचतो. ते संपलं की खारं पाणी नळ्याच खायला लागतं.

नळ्यांचा गाभा बाहेर काढला. नायलॉनच्या ब्रशने गाळ काढला, मग कोमट पाण्यात किराणा दुकानातलं लिंबूसत घालून त्यात बुडवून ठेवला. फेस थांबेपर्यंत ठेवायचा, नंतर गोड्या पाण्याने भरपूर धुवायचा. जोरदार ॲसिड ओतायची काहींना सवय असते. त्याने चमक लवकर येते आणि नळीचा धातूही जातो.

संध्याकाळी एक्झॉस्टचा एल्बो काढला. धूर आणि पाणी जिथे एकत्र येतात तिथे कार्बन आणि मीठ मिळून दगड झालेला. पाण्याची वाट पेन्सिल जाईल इतकीच उरलेली. रबरी पाइपाचा आतला थर जळून सुटलेला, बोटाने सोलून निघतो. हा पाइप बदलायचाच.

१५ ऑगस्ट

दुकानं बंद. एल्बो छिन्नीने आणि तारेच्या ब्रशने साफ केला, गॅस्केट शीटमधून हाताने कापली.

१६ ऑगस्ट

एमआयडीसीतून एक्झॉस्टचा नवा पाइप आणला. साधा पाण्याचा पाइप स्वस्त पडतो म्हणून मालकांनी विचारून पाहिलं, मी नाही म्हटलं. एक्झॉस्टसाठीचा, आत तार असलेलाच लागतो. नवी झिंक पेन्सिल, नवी गॅस्केट, प्रत्येक जोडावर दोन-दोन क्लिपा.

बादली ३३ सेकंदात भरली. पूर्ण लोडवर चार तास चालवला : रबरी पाइप ५२ अंश, कूलंट ७९ ते ८१ च्या मध्ये स्थिर. फळीवरचे तिन्ही दिवे विझलेले.

मालक खूश, आजच डिझेल भरून निघायचं म्हणत होते. मी आठवण करून दिली की तक्रारी दोन होत्या. झटक्यात पडणं सापडलं. गचके खाणं आज दिसलं नाही, पण खलाशाने ते पाहिलंय. मालक म्हणाले, गरम झाल्यावर तसंच होत असेल. तसं होत नाही, सोलेनॉइडने तोडलेलं इंजिन गचके खात नाही. शेवटी ठरलं की जवळपास एक रात्र मारून यायचं, लांब जायचं नाही.

१८ ऑगस्ट

पहाटे फोन. पुन्हा बंद पडला. फळीवरचा एकही दिवा लागला नाही. गचके खात गेला.

बोट दुपारी धक्क्याला लागली. तांडेलमामांनी त्या खलाशाला स्वतः पुढे आणलं आणि म्हणाले, "आता हा सांगेल ते लिवा."

त्याने सांगितलेलं जसंच्या तसं : "टाकी फुल रहती है तो जल्दी बंद होता है. आधी रहती है तो रातभर चलता है. और मैं काठी डालके डिझेल नापता हूँ ना, उसके बाद ठीक चलता है."

हे त्याने आधीही सांगितलं होतं म्हणे. टाकी भरली की यंत्र लवकर बंद पडतं, हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मी विचारलं, झाकण उघडताना आवाज होतो का? तो लगेच म्हणाला, होतो, हवा आत ओढल्यासारखा.

टाकी श्वास घेत नाही. उद्या दाखवतो.

१९ ऑगस्ट

अंदाज बरोबर असला तरी मोजल्याशिवाय हात लावायचा नाही.

पहिली चाचणी टाकी सोडून. स्वच्छ डिझेलचा कॅन यंत्राशेजारी ठेवला, त्यातून पारदर्शक नळीने डिझेल दिलं, रिटर्नही (इंजिनातून उरलेलं डिझेल परत आणणारी नळी) कॅनमध्येच सोडला. पूर्ण लोडवर सकाळभर चालवला, आवाजात फरक नाही. म्हणजे फीड पंप, इंजेक्शन पंप, नोझल यांना दोष नाही. नोझल काढून टेस्टिंगला पाठवायचा खर्च वाचला.

दुसरी चाचणी टाकीवर. टाकी भरली, वर साधारण ८ लिटरची पोकळी उरेल इतकी. फिल्टरच्या आधी व्हॅक्यूम गेज आणि पारदर्शक नळीचा तुकडा बसवला. ही ओढ पाऱ्याच्या इंचात मोजतात. सुरुवातीला काटा दीड इंचावर, टाकी खाली असल्यामुळे तेवढा असतोच. तासाने सहा इंच. पावणेदोन तासांनी साडेआठ, आणि नळीत बारीक बुडबुडे दिसायला लागले. फेरे वरखाली, दिवे लुकलुकायला लागले, दोन मिनिटांत इंजिन मेलं. मी खलाशाला झाकण उघडायला सांगितलं. हवा आत जाण्याचा आवाज धक्क्यावर उभ्या असलेल्या मालकांना ऐकू गेला. काटा परत दीड इंचावर.

हिशेब मालकांना कागदावर करून दाखवला. यंत्र तासाला साधारण दीड लिटर पितं. ब्रीदर (टाकीत हवा येण्याजाण्याची नळी) बंद असेल तर जेवढं डिझेल गेलं तेवढी जागा आतल्या हवेला पसरून भरावी लागते. पोकळी ८ लिटरची असेल तर दोन तासांनी तीच हवा ११ लिटरमध्ये पसरते, दाब चौथ्या हिश्श्याहून जास्त उतरतो. टाकी अर्धी असेल तर पोकळी ६० लिटरची, ती ६३ होते, पंपाला कळतसुद्धा नाही. म्हणूनच भरलेल्या टाकीवर लवकर बंद पडायचा आणि १६ तारखेला चार तास सुरळीत चालला, त्या दिवशी टाकी अर्ध्याहून कमी होती.

आधीच्या दुरुस्त्यांनंतर यंत्र काही तास नीट का चालायचं, तेही उलगडलं. फिल्टर बदलताना पाइप सुटतो, टाकीत हवा जाते, ओढ मोकळी होते. फिल्टर निर्दोष होता, पण तो बदलण्याच्या कामानेच दोष तात्पुरता नाहीसा व्हायचा. आणि थांबून सेल्फ मारला की चालू व्हायचं, त्यालाही दोन कारणं होती : कधी इंजिन थंड व्हायचं, कधी झाकणाच्या फटीतून हळूहळू हवा टाकीत शिरायची. बाहेरून दोन्ही दोष सारखेच दिसत होते आणि सगळे जण एकच कारण शोधत होते.

आता ब्रीदर. टाकीवरून निघालेला पाइप डेकच्या कडेला वर येऊन तोंड खाली वळवलेला आहे. तोंडातून तार घातली, बोटभर आत जाऊन अडली. पाइप कापून काढला. आत कुंभारमाशीचं मातीचं घर, अगदी घट्ट, फोडल्यावर कोळ्यांचे वाळके पाय निघाले. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवलेली असताना तिने तिथे घर केलं. कोरडी, वाऱ्यापासून आडोशाची, बोटाएवढी नळी तिला हवीच असते.

२० ऑगस्ट

नवा ब्रीदर बसवला. तोंडाला पितळी जाळी, पण फार बारीक नाही, कारण बारीक जाळी मिठाने बुजते.

ओढीमुळे ज्या जोडांतून हवा शिरत होती ते सगळे उघडले : बॅन्जोचे (डिझेलच्या पाइपाचा जोड) कॉपर वायसर नवे, नळीच्या क्लिपा नव्या. टाकीच्या तळाचा बूच सोडला. अर्धा लिटर पाणी आणि काळी, बुळबुळीत साय. डिझेलच्या खाली पाणी साचलं की दोघांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांची ही साय. ती फिल्टरपर्यंत पोचली असती तर ऑक्टोबरमध्ये तिसरी तक्रार आली असती. टाकी रिकामी करून पुसली. डिझेल गाळून परत घेतलं, तळातलं फेकलं. फेकलं म्हणजे डब्यात भरून वर नेलं, बंदरात ओतलं नाही.

खलाशाला डिझेलच्या पाइपांतली हवा कशी काढायची ते करून दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं.

२१ ऑगस्ट

यंत्र उघडंच आहे तर सोलेनॉइडला वीज किती पोचते ते पाहिलं. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, सोलेनॉइडवर १०.९. मध्ये पॅनेलच्या एका टर्मिनलवर हिरवा गंज. आज चालतंय, पण बोट हलली की हेच टर्मिनल झटक्यात बंद पाडणार आणि पुन्हा सगळे टेम्परेचरच्या मागे लागणार. कल्हईची वायर टाकली, टर्मिनल नवं, वर ग्रीस. आता १२.४.

२३ ऑगस्ट

समुद्रावर चाचणी. टाकी मुद्दाम गळ्यापर्यंत भरलेली, कॉम्प्रेसर सतत चालू राहावा म्हणून खणाचं झाकण उघडं. रत्नदुर्गावरचं दीपगृह मागे टाकल्यावर चांगलीच लाट होती. बोट दोन्ही अंगांवर झुकत होती, मला तेच हवं होतं.

संध्याकाळी सहाला लोड टाकला. व्हॅक्यूम दीड ते दोन इंच, रात्रभर त्याच्या वर गेला नाही. कूलंट ८० ते ८२. एक्झॉस्ट पाइप ५५ च्या आत. बोट उजवीकडे जास्त झुकली की काही क्षण एक्झॉस्टचं पाणी तुटक पडायचं, सी-कॉकचं तोंड त्या बाजूला असल्यामुळे ते होणारच. तापमान हललं नाही.

पहाटेपर्यंत एकदाही बंद पडला नाही. तांडेलमामांनी मध्यरात्रीनंतर एकदा जाळं टाकून ओढून पाहिलं, फ्लडलाइट सगळे चालू. थोडे बांगडे मिळाले.

२५ ऑगस्ट

गणपती तोंडावर, निम्मे खलाशी गावी निघालेत. बोट आता सणानंतरच जाईल. जाण्याआधी उरलेली कामं :

फळीवरचे तीन दिवे काढले नाहीत. पॅनेलमध्येच कायमचे बसवले, खाली मराठीत आणि हिंदीत रंगाने लिहिलं : ऑइल, इंजिन गरम, धुराचा पाइप गरम. नेपाळी पोरगा हिंदी वाचतो. पुढच्या वेळी फोनवर "लाल दिवा लागला" याऐवजी कोणता लागला ते सांगता येईल.

व्हॅक्यूम गेजही तिथेच राहू दिला. मालकांनी त्याचे पैसे कुरकूर न करता दिले. पाच इंचाच्या वर काटा गेला तर आधी टाकीचं झाकण उघडायचं, मग ब्रीदर बघायचा, मग फिल्टर. याच क्रमाने.

सामानाच्या डब्यात एक जादा इम्पेलर, त्याची गॅस्केट, दोन झिंक पेन्सिली. डब्याच्या झाकणावर लिहिलं : जुना इम्पेलर काढला की पाती मोजा, कमी असली तर पुढे शोधा.

इंजिन रूममध्ये वही टांगली. दर दोन तासांनी कूलंट, व्हॅक्यूम, व्होल्टेज, आणि टाकीत किती डिझेल. वही खलाशाकडेच राहील, असं तांडेलमामांनी मालकांसमोर सांगितलं.

झिंक पहिल्यांदा सप्टेंबरच्या मध्याला काढून बघायचं. निम्मं झिजलं असेल तर बदलायचं आणि त्यावरून पुढची तारीख ठरवायची. मे अखेर बोट शाकारताना ब्रीदरच्या तोंडाला कापडी पिशवी बांधायची. ऑगस्टमध्ये ती आठवणीने काढायची, म्हणून स्टार्टच्या चावीला लाल चिंधी बांधून ठेवायची.